अंतऱ्याआधीची जागा

४ जून

धाकटी जाऊन अठरा दिवस झाले. आज तिची टेप लावली आणि खोलीत तिचा आवाज — जिवंत! चाल माझी, शब्द अजून व्हायचेत, म्हणून ती नुसतं ‘ला ला’ गातेय. अंतऱ्याआधी तिला श्वास पुरत नाही. सूर तुटतो, दोन मात्रा रिकाम्या जातात, मग कशीबशी पुढे गाते.

दम्याची पोर! त्या दिवशी मी तिला अकरा वेळा गायला लावलं. “दादा, बास ना रे.” “एकदाच. शेवटचं.” संध्याकाळी धाप लागली ती बसलीच नाही.

टेप पुसायला बसलो होतो. हात धजला नाही.

७ जून

गीतकाराने टेप ऐकली आणि ताडकन उठला. “अरे, काय जागा काढलीस! गाणं चक्क गप्प बसतं. इथे एक शब्द घालणार नाही मी. कशी सुचली रे?”

“सुचली,” म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

१९ जून

शब्द झाले. त्या रिकाम्या दोन मात्रांभोवतीच लिहिलेत त्याने. चांगले झालेत, हीच पंचाईत.

२ जुलै

रेकॉर्डिंग. बाई मोठ्या गायिका. श्वास नेमका तिथेच तोडला, सफाईने. तरी रेकॉर्डिस्टचं एकच — “डमीतलं येत नाहीये.” मग बाईंनी हेडफोन लावून डमी, म्हणजे धाकटीची टेप, ऐकली. हेडफोन काढून ठेवला.

“कोण ही मुलगी?”

“माझी बहीण.”

“मग तिलाच का नाही गाऊ देत?”

पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पडलो.

२० सप्टेंबर

लोकांनी गाणं डोक्यावर घेतलंय. सलूनमध्ये तेच, बसमध्ये तेच. समोरची शाळा सुटली की पोरं ओरडत गातात, आणि तिथे आली की सगळी एकदम श्वास तोडतात! चाळीस धाकट्या! खिडकी लावून घेतली. उकाड्याने जीव जात होता तरी उघडली नाही.

२३ सप्टेंबर

वर्तमानपत्रवाला आला होता. “ती जागा कशी सुचली?” अपघाताने, म्हणालो. “केवढा हा विनय!” म्हणाला आणि लिहून घेतलं.

२५ सप्टेंबर

रेडिओवर गाणं लागलं की आईची विळी थांबते. संपलं की पुन्हा भाजी चिरायला लागते. कळलं असेल का तिला? ‘दोनदाच गायली’ असं सांगितलंय मी. भीती वाटते मला तिची. उद्या खरं सांगतो. तोंड बघणार नाही म्हणाली तरी चालेल.

२६ सप्टेंबर

सांगितलं. अकराच्या अकरा.

आई म्हणाली, “त्या दिवशी सकाळी छाती घरघरत होती तिची. आज गायला जात नाही म्हणाली. मीच म्हटलं, जा गं, दादाचं अडलंय.”

मग म्हणाली, “तू मला माफ करशील का रे?”