शेवटची मंजुरी

७ जानेवारी २०१९, सोमवार

नव्या वर्षाचे संकल्प. एक : कंपनीत डेव्हऑप्स आणायचं. दोन : ते मी आणलं हे सगळ्यांना कळेल असं बघायचं, पण स्वतः सांगायचं नाही. तीन : चारच्या सुमाराला बिस्किटं बंद.

नवा संचालक इग्नासिओ चौतीस वर्षांचा आहे आणि मोजे घालत नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, इथे प्रोग्रॅम लिहिणारे एका खोलीत, चालवणारे दुसऱ्या खोलीत, आणि दोघे भिंतीवरून एकमेकांवर काम फेकतात. भिंत गेली पाहिजे, यालाच डेव्हऑप्स म्हणतात. मी सगळ्यांच्या आधी मान हलवली. त्याने पाहिलं.

आमचं सॉफ्टवेअर देशातली चाळीसेक शोकगृहं वापरतात. कोण वारलं, अंत्यदर्शनासाठी कुठल्या दालनात ठेवायचं, गाड्या किती, फुलं कुणाची. प्रोग्रॅमर मंडळी एका बाजूला, सर्व्हर सांभाळणारे विल्मार दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. दर गुरुवारी चार वाजता मी मंजुरीची सही करते, मग विल्मार तीन तास बसून नवी आवृत्ती हाताने चढवतात. सतरा वर्षं. माझ्या सहीशिवाय या देशात कुणाला नीट पुरता येत नाही, असं मी गमतीत म्हणते. गमतीत.

१० जानेवारी, गुरुवार

४ वा. सही.

विल्मारना डेव्हऑप्स समजावून सांगितलं. त्यांनी थर्मासमधलं गरम पाणी ओतून मातेचा कडू चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, म्हणजे माझं काम मशीन करणार, एवढंच ना? मी म्हटलं, इतकं साधं नाही ते. ही एक संस्कृती आहे. ते म्हणाले, संस्कृती ऑक्टोबरपर्यंत थांबेल का? एकतीस ऑक्टोबरला त्यांची नोकरीची तीस वर्षं पुरी होतात, तेव्हाच साठीही. मग पेन्शन. एक महिना जरी कमी पडला तरी अडकेल, आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार.

मी शब्द दिला. मी आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही. म्हणाले, हाताचं सोड पोरी, खुर्ची नवी मिळवून दे, पाठ गेली.

खुर्चीचं उद्या बघते.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

४ वा. सही.

डेव्हऑप्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम लावलाय. दहा धडे. पहिला धडा तीनदा पूर्ण केला. पाया पक्का हवा. शिवाय फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात सगळं शहर समुद्रावर पडलेलं असताना दुसरा धडा कोण करतं?

बिस्किटं : सहा. पण कोरडी.

६ मार्च, बुधवार

कार्निव्हल संपला. आता जोर.

विल्मारना सांगितलं की तीस वर्षांत जे जे डोक्यात साठलंय ते सगळं पिलारला द्या, ती ते मशीनला शिकवेल. पिलार आमची सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर. विल्मारनी विचारलं, आणि मग मी काय करू? मी म्हटलं, तुम्ही सर्जनशील कामाला मोकळे. ते म्हणाले, शेवटचं चित्र नऊ वर्षांचा असताना काढलं होतं. गाय. सगळ्यांना घोडा वाटला.

पिलार हसत होती. हसण्यावारी नेतात लोक.

२२ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सायकलशर्यत काल संपली, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं, आता खरं वर्ष सुरू.

आठवडाभराच्या सुट्टीत भिंत पाडली. खरोखरची. मला वाटलं होतं ती म्हणायची भिंत आहे. ती माझ्या केबिनची होती. इग्नासिओ म्हणाला, निबिया, सगळ्यांत आधी तूच तर मान हलवली होतीस. आता माझं टेबल पाण्याच्या फिल्टरशेजारी आहे. अगदी मध्यवर्ती जागा. दिवसभर सगळे येतात.

आज मशीन चालू झालं. कुणीही काही लिहिलं की मशीन दहा मिनिटांत तपासतं आणि थेट शोकगृहांपर्यंत पोचवतं. दिवसातून कितीही वेळा. पिलारने छान समजावलं. मी विचारलं, यात मी कुठे येते? मग विल्मार म्हणाले, निबियाला एक बटण असेल. हिरवं. वर लिहिलेलं, ‘मंजूर’. रोज चारला दिवसाची यादी तिच्यासमोर येईल, ती दाबेल. पिलारने त्यांच्याकडे पाहिलं. ते थर्मासचं झाकण घट्ट करत होते.

४ वा. दाबलं. फार गुळगुळीत आहे. सहीपेक्षा बरं.

९ मे, गुरुवार

वाईट दिवस, पण त्यातून शिकायला मिळालं.

इग्नासिओचे पाहुणे पाच वाजता येणार होते, त्यांना फुलांचं नवं पान दाखवायचं होतं. दालन रिकामं आहे का ही तपासणी मध्येच अडकत होती. मी म्हटलं, आजच्यापुरती ती बाजूला ठेवा. विल्मार म्हणाले, नको, निबिया. मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर. फुलांचं पान सुंदर दिसलं.

पायसांदूच्या शोकगृहात एकाच दालनात, एकाच वेळी, दोन मयतं लागली. एक कुटुंब चाळीस मिनिटं परक्या म्हाताऱ्यापुढे रडलं. शेवटी नातीने चेहरा नीट पाहिला.

लगेच दोषविरहित बैठक घेतली. ही पद्धत मीच आणली आहे : कुणाला दोष द्यायचा नाही, अहवालात नाव लिहायचं नाही, फक्त ‘एक व्यक्ती’ असं लिहायचं. मी फळ्यावर लिहिलं, एका व्यक्तीने तपासणी बाजूला ठेवायला सांगितली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. बैठक मी चालवत होते ना. मग विल्मार म्हणाले, ती व्यक्ती मी. चला, पुढचं बोला.

माझ्या हाताखाली या वयात माणूस जबाबदारी घ्यायला शिकतोय. डोळ्यांत पाणी आलं.

दोन्ही घरी फोन त्यांनीच केले. मी दिलगिरीचा नमुना तयार केला. दोन परिच्छेद, नेमका.

१८ जून, मंगळवार

इग्नासिओने भिंतीवर (उरलेल्या) मोठा तक्ता लावलाय. कामाची प्रत्येक पायरी, पुढे माणसाचं नाव. ज्या पायरीपुढे नाव नाही ती मशीनची. ज्या माणसापुढे पायरी नाही, तो, इग्नासिओच्या शब्दांत, ‘मुक्त’. शेवटची ओळ : अंतिम मंजुरी – निबिया एचेवेरी. टायपात बरी दिसते.

मग मला बाजूला घेऊन म्हणाला, जुलैअखेर एक जागा कमी करायची आहे. नाव तू सुचव. तुझं निरीक्षण चांगलं आहे.

विल्मारचं नाव कदापि देणार नाही. उलट उद्याच त्यांच्यासाठी भांडेन. नाही, उद्या सुट्टी आहे. परवा.

११ जुलै, गुरुवार

भांडायचं राहिलं. थंडीने घसा बसला होता, आणि बसलेल्या घशाने भांडण प्रभावी होत नाही.

इग्नासिओने सहज सांगितलं की ऑगस्टपासून सगळ्या यंत्रणेला एक प्रमुख नेमणार. कठोर निर्णय घेऊ शकेल असं माणूस हवं. मी म्हटलं, कठोरपणा म्हणजे एक प्रकारचं प्रेमच. त्याने ते वहीत लिहून घेतलं!

पाऊस होता म्हणून विल्मारच्या बायकोने सगळ्यांसाठी तळलेल्या गोड पुऱ्या पाठवल्या. मला दोन जास्त. विल्मारनी हळूच विचारलं, वरून काही कानावर आलं का? मी म्हटलं, छे, सगळं ठीक. ते म्हणाले, तू आहेस म्हणून रात्री झोप लागते बघ.

४ वा. दाबलं. बोट तुपकट होतं, दोनदा पुसून दाबलं.

१६ जुलै, मंगळवार

काल दुपारी दाढ काढायला गेले होते. चारची यादी दाबायची राहून गेली. रात्रभर वाटत होतं, देशभर सगळं अडलं असेल. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं.

सकाळी साल्तोच्या शोकगृहाचा फोन. काल अकरा वाजता केलेल्या दुरुस्तीबद्दल आभार.

अकरा वाजता? मी दाबलंच नव्हतं. दाबलं असतं तरी चारला.

पिलारला विचारलं. ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, ते बटण कशालाच जोडलेलं नाही, निबिया. पहिल्या दिवसापासून. यादी येते तेव्हा सगळं आधीच गेलेलं असतं. मी म्हटलं, कुणी सांगितलं असं करायला? म्हणाली, विल्मारनी. ते म्हणाले, बटण राहू दे, नाहीतर तिच्याकडे काही कामच उरणार नाही. रागावू नकोस, तुझ्यासाठीच केलं त्यांनी.

माझ्यासाठी!

१७ जुलै, बुधवार

झोप नाही. तीन महिने. तीन महिने मी रोज चारला हातातलं काम टाकून, एकदा तर आईचा फोन कापून, ते बटण दाबलं. आणि तो बाजूला बसून माते पीत बघत होता.

आज त्याने माते पुढे केलं. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, दाढ दुखते का गं? ढोंगी माणूस.

विचारायचं नाही असं ठरवलं. विचारलं तर काहीतरी चांगलं कारण सांगेल.

१९ जुलै, शुक्रवार

इग्नासिओला पत्र लिहिलं. रागाने नाही, पूर्ण शांतपणे. सात तास लागले.

नियमाप्रमाणे कुणाचं नाव नाही, खाली माझंही नाही. ‘सर्व्हर सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीने’ असं लिहिलं. सर्व्हर सांभाळणारी ज्येष्ठ व्यक्ती एकच आहे, पण नियम तो नियम. त्या व्यक्तीने कंपनीच्या अंतिम मंजुरीची पायरी गुपचूप निकामी केली. पुरावा म्हणून तक्ता जोडला. प्रत्येक नोंद स्वतः पडताळली : २२ एप्रिल ते १६ जुलै, माझ्या मंजुरीशिवाय बाहेर गेलेल्या आवृत्त्या २१२. त्यांपैकी निर्दोष २११. म्हणजे काम चांगलं झालं, पण मुद्दा तो नाही. सदोष १, पायसांदू. तिथे मंजुरी देणाऱ्या व्यक्तीने तोंडी हस्तक्षेप केला होता. हेही लिहिलं. प्रामाणिकपणा दिसावा म्हणून.

पाठवताना क्षणभर ऑक्टोबर आठवला. पण ते दोन वेगळे विषय आहेत, त्यांची सरमिसळ करणं बरोबर नाही.

२४ जुलै, बुधवार

इग्नासिओचं उत्तर! या कंपनीत मला आजवर कुणी इतका स्वच्छ पुरावा दिलेला नाही, निबिया. आता मला निर्णय सोपा झाला. शुक्रवारी दहाला ये.

आईला फोन केला. प्रमुख होणार म्हणून नाही सांगितलं, ‘काहीतरी चांगलं’ एवढंच. आई म्हणाली, विल्मारलाही सांग, त्यानेच तुला तिथे काम शिकवलं ना. मी विषय बदलला.

निळा कोट घेतला. प्रमुखाला शोभेल असा.

डेव्हऑप्सचा दुसरा धडा उघडला. पहिलंच वाक्य : आपण दाखवतो तो प्रत्येक आकडा आपल्याबद्दलही काही सांगतो. जड आहे. सोमवारपासून.

२६ जुलै, शुक्रवार

१०.०० वा. माझा तक्ता पडद्यावर होता. मोठा केल्यावर सुबक दिसतो.

इग्नासिओ म्हणाला, ही पायरी दोनशे अकरा वेळा नव्हती आणि काहीही बिघडलं नाही. एकदा होती, तेव्हा दोन मयतं एका दालनात. तू स्वतःच इतक्या स्पष्टपणे मांडलंस, धन्यवाद. तू आता मुक्त आहेस. मी म्हटलं, पण तुम्हाला एकच नाव हवं होतं. तो म्हणाला, हो, पण नियंत्रण तोडलेल्या माणसालाही ठेवता येत नाही ना. ते तूच लिहिलं आहेस.

कागदावर सही केली. तिथे खरी सही लागते.

संध्याकाळ.

खाली दारात विल्मार थांबले होते. काखेत थर्मास, हातात फक्त स्क्रूड्रायव्हरचा संच. त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का? मग आम्ही बसथांब्यापर्यंत चाललो.

ते म्हणाले, मला वाईट तुझं वाटतं. बटण ठेवलं होतं ते एवढ्यासाठीच. तुझ्याकडे काही काम उरलेलं दिसलं नसतं तर एप्रिलमध्येच गेली असतीस. म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत मी आहे, तोवर तुला झाकून नेऊ, मग तू काहीतरी शोधशील. सांगितलं असतं तर तुला लागलं असतं.

आणि तुमची पेन्शन? मी विचारलं. ते म्हणाले, बघू. तीन महिने कमी. बायकोला अजून सांगितलं नाही, आज तिच्या बहिणी यायच्यात घरी.

मग म्हणाले, पत्र कुणी लिहिलं असेल गं? नाव नाही म्हणे त्यावर. कुणा नव्या पोराचं काम असणार. त्यांना तीन महिने म्हणजे काय ते कळत नाही.

मी म्हटलं, हो. पोरंच.

त्यांनी थर्मासमधलं शेवटचं पाणी ओतून माते माझ्याकडे दिलं. गार झालं होतं, मी प्यायले. ते म्हणाले, सोमवारी कामगार संघटनेत जाऊ, आपण दोघं. अर्ज तू लिही. तुझी भाषा चांगली आहे, मला असलं जमत नाही. लिहिशील ना?

तेवढ्यात बस आली म्हणून उत्तर द्यायचं राहिलं. माझी नव्हती ती बस. चढले.