पाणदेवाचे पाय

२९ नोव्हें. १९९३, सोमवार
फौंड्रीला सुट्टी. मल्लूबरोबर रांजणघळ उतरलो. एकदाची. दोन वर्षं नुसतं वरनं वाकून बघत होतो.
पहाटेची गगनबावडा एस.टी., तिथनं धनगरवाड्यापर्यंत दीड तास चाल. जानूमामा म्हशी सोडत होते. म्हणाले, "पावणं, मरायला निघालाय व्हय?" पण मग स्वतःच ओढ्यापर्यंत आले. घळीच्या तोंडाशी, अगदी काठावर, शेंदूर फासलेला उभा दगड आहे. गुडघ्याएवढा. त्याला पाणदेव म्हणतात. "ह्येचं पाय बघायचं. कोरडं आसलं तर जावा. भिजलं आसलं तर गुमान माघारी फिरायचं. दुसरं काय बघू नगासा." पाय म्हणजे दगडाचा तळ. आज पाणी तळाच्या चार बोटं खाली. गेलो.
तीन टप्पे. पहिला वीसेक फूट, पायऱ्या पायऱ्यांचा. दुसरा खरा. पाणी कातळात कोरलेल्या एका रांजणातनं दुसऱ्यात पडतं, रांजण आतून गुळगुळीत, धरायला काही नाही. तिसरा सोपा पण संपत नाही. सामान: मल्लूच्या दुकानातला दोर, माझे फौंड्रीतले चामडी हातमोजे, ट्रकची ट्यूब. खाली कोकणात पोचलो तेव्हा साडेचार.
मल्लूचे दात वाजत होते तरी बडबड चालूच. "वश्या, आपल्याशिवाय हितं कोण आलंय का सांग." म्हटलं, मामांची म्हैस आली असेल.

२१ फेब्रु. १९९४
रांजणघळ परत. पाणी आटलंय. रांजणांत हिरवं साचलेलं, घाण वास. पाणदेवाच्या खाली हातभर कोरडा कातळ. वाटलं सोपं जाईल. कसलं काय, धारेखालचा दगड उघडा पडलाय आणि तोच जास्त घसरडा. दहा फूट पाठीवर गेलो. शर्टाची चिंधी. मल्लू पोट धरून हसत होता, मग उतरून हात दिला.
मल्लूचं एक आहे. ठरवायला त्याला दोन मिनिटं लागत नाहीत. इथनं उजवीकडनं, इथं बसून, इथं उडी. मी फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमधला माणूस, ओतकामाचे लाकडी नमुने करणारा. लाकडावर एक रेघ मारायची तरी तीनदा मोजणार. घळीत त्याच्यामागनं गेलं की डोक्याला ताप नाही.

८ मे १९९५
घळ ठणठणीत कोरडी. दगडावर हात ठेवला की चटका. दुसऱ्या टप्प्यावर आग्या मोहोळ, चांगलं परातीएवढं. मल्लू पुढं जायचं म्हणत होता. मग एक माशी त्याच्या कानाला चावली. माघारी.

११ डिसें. १९९५
पाणी मस्त. पाय कोरडे, तळाच्या तीन बोटं खाली. दुसऱ्या टप्प्यात मल्लू रांजणात पडला आणि वर आला नाही. मी मोजत होतो. अठरापर्यंत मोजलं. मग पलीकडच्या रांजणातनं डोकं वर. दोन्ही खालनं जोडलेले आहेत. कुणाला माहीत?
खाली पोचल्यावर अर्धा तास गप्प होता. मल्लू आणि गप्प! मग म्हणाला, "पाणदेवाला कट्टा बांधतो. नवस बोललोय आत." म्हटलं, बुडताना नवस बोलायला तोंड कसं उघडलंस? "मनात बोललो लेका."

१३ मे १९९६
मल्लूच्या नवसाचा कट्टा मी बांधून आलो. मल्लू निपाणीला, मेव्हणीच्या लग्नात. पावसाच्या आत व्हायला पाहिजे होतं म्हणून मीच गेलो.
अर्धं पोतं सिमेंट मी आणि जानूमामांनी आलटून पालटून डोक्यावर नेलं. वाळू ओढ्यातलीच. पहार घालून दगड हलवला. मामा म्हणाले, "उलीसा वर घिऊया की. दर पावसात द्येवाच्या नाकातोंडात पानी जातंय." बरोबर वाटलं. नऊ इंच उंच कट्टा केला, वर दगड बसवला. पाणसळ लावून बघितलं, सूतभरही फरक नाही. मामांनी नारळ फोडला. काम झकास झालं. मल्लू खूश होईल.

३ नोव्हें. १९९६
२८ ऑक्टो.चं आज लिहितोय. आधी जमलं नाही.
दोन दिवस आधी वर पाऊस झालता. जानूमामा वाड्यावर नव्हते, बाजाराला गेलते. घळीच्या तोंडाशी मला आवाज जास्त वाटला. मल्लूला बोललो. त्यानं वाकून पाणदेव बघितला. "कोरडं हायत की पाय. दोन बोटं खाली हाय पाणी. चल." मीही वाकून बघितलं. कोरडे होते. गेलो.
दुसऱ्या टप्प्यात पाण्यानं त्याला दोरासकट बाजूला फेकलं. डावा पाय दोन दगडांच्या मध्ये. आवाज आला मला, पाण्यातही. नडगी. हाड बाहेर नव्हतं आलं, एवढंच नशीब. दोन काठ्या, माझा सदरा, बांधला. मागं फिरायची सोयच नव्हती. ट्यूबवर घालून ओढत, तिसऱ्या टप्प्याला दोरानं खाली सोडला. अकरापासनं दिवस मावळेपर्यंत. ओरडला दोनदाच. बाकी वेळ मलाच सांगत होता, वश्या हितं पाय ठेव, वश्या तिथं नको. खालच्या वाडीतल्या लोकांनी शिडीवर घालून रस्त्यापर्यंत नेला.
पायात सळई घातलीय. चार महिने तरी.
आज दवाखान्यात अप्पा, म्हणजे मल्लूचे वडील, सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, हा तुझा हट्ट. मल्लू म्हणाला, "व्हय अप्पा. माझाच डोळा चुकला. वश्या बोलला होता, आवाज जास्त हाय म्हणून."
ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१८ नोव्हें. १९९६
पहिल्या टप्प्याला बांधलेला दोर तसाच राहिलता, तो सोडवायला गेलो. जानूमामा भेटले. सगळं सांगितलं. मल्लूनं पाय नीट बघितले होते, मीही बघितले, कोरडे होते, असं असं. मामांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं बघितलं. "आवं, कोरडं दिसनारच की. आपुनच न्हाय का त्येला वर घ्येतला?"
खाली बसलो.
मग मोजलं. दोन बोटं म्हणजे दीड इंच. नऊ वजा दीड. जुन्या जागी पाय साडेसात इंच पाण्यात असते. तीनदा मोजलं. तेवढंच येतंय. सहा वर्षं पॅटर्न शॉपात आहे, एक सूत चुकलं तर सबंध कास्टिंग भंगारात जातं हे नवीन पोरांना मी सांगतो. आणि देव उचलून नऊ इंच वर ठेवला, वर पाणसळ लावून बघितली! थू.
मामांना म्हटलं, मल्लूजवळ हे बोलू नका, मी सांगतो. "मला कोन इचारतंय," म्हणाले आणि म्हशींमागं गेले.
टाके निघाले की सांगतो.

६ जाने. १९९७
लाल ऑइलपेंट घेऊन गेलतो. पाणदेवाच्या मागच्या कातळावर, जुन्या तळाच्या उंचीला, हातभर लांब रेघ मारली. मामांना सांगितलं, कुणी उतरायला आलं तर रेघ दाखवायची, पाय दाखवायचे नाहीत. म्हणाले, "बरं."
म्हणजे आता दुसऱ्या कुणाचं काही व्हायला नको. ते काम झालं.
मल्लूचं राहिलंय.

२४ फेब्रु. १९९७
मल्लूकडं गेलतो, सांगायचं ठरवूनच. काठी घेऊन चालतोय. वहिनींनी पोहे दिले. अप्पा समोर पेपर घेऊन. मल्लूच बोलायला लागला, रोज रात्री ते पाय डोळ्यासमोर येतात, कोरडे दिसतात, मग कसे काय... "मला पाणी कळत न्हाय वश्या. वाटत होतं कळतंय."
तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंडात पोहे होते. गिळून होईपर्यंत अप्पांनी दुसरं काही काढलं.

१२ जुलै १९९९
मल्लूच्या दुकानात. विहिरीवर मोटर सोडायला दोर पाहिजे म्हणून कागलचा एक पावणा आलता. "ह्यो घील का एवढं वजन?" पूर्वी मल्लू दोर हातात घेऊन नुसता पिळून सांगायचा. आज म्हणाला, "अप्पास्नी इचारा." अप्पा आत झोपलेले. गिऱ्हाईक थांबलं, मग गेलं.
दुकानाचा टेम्पो पण चालवत नाही तो आता. पाय बरा आहे, डॉक्टर म्हणाले बिनधास्त चालव. पण नाही. शेजारी बसतो.
वहिनी दारापर्यंत सोडायला आल्या. "भावजी, ह्यांना तुम्ही तरी काय सांगा की." म्हटलं, सांगतो.
माझंच मला हसू आलं. बरं हसू नव्हे.

१७ डिसें. २००१
एकटा उतरलो. घरी फौंड्रीच्या कामाला पन्हाळ्याला जातो म्हणून सांगितलं. पाणी रेघेच्या चार बोटं खाली. दुसरा टप्पा सावकाश घेतला. मल्लूचा पाय अडकलेला दगड ओळखू आला नाही. दोन-तीन सारखेच दिसतात. कुठल्यातरी पुरात हललाही असेल.
खाली कुणाशी बोलायला नव्हतं. एस.टी.त झोपलो.

९ ऑग. २००४
कामाच्या निमित्तानं गगनबावड्यापर्यंत गेलतो, तसाच छत्री घेऊन घळीच्या तोंडाशी. घळ म्हणजे नुसता पाण्याचा धूर आणि आवाज. पाणदेव कट्ट्यासकट बुडालेला. शेंदराचा ठिपकाही नाही. नऊ इंचांनी देवाचंही काही भलं झालं नाही.
जानूमामा वैशाखात गेले म्हणे. त्यांच्या सुनेनं सांगितलं. आता हे फक्त मला माहीत आहे. म्हणजे नाही सांगितलं तरी कुणाला कळणार नाही. हे मनात आलं. लिहून ठेवतो.

१७ नोव्हें. २००८
मल्लूचा काल फोन. "वश्या, एकदा घळ बघून येऊ. उतरायचं न्हाय. नुसतं वरनं." बारा वर्षांत स्वतःहून पहिल्यांदा. फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "जाऊया नव्हं? तुला काय वाटतंय?" प्रत्येक वाक्याला हे शेपूट असतं त्याचं.
माझ्या मारुतीतनं गेलो. शेवटचा रस्ता चालत, त्याच्या पायानं अडीच तास लागले. कट्टा त्यानं असा जवळनं पहिल्यांदाच बघितला, त्या दिवशी घाईत नुसते पाय बघितले होते. हात फिरवला. "चांगला केलाईस." मग मागची रेघ दिसली. पेंट उडालाय, तरी दिसते.
"ही कुणी मारली?"
"मी."
"कधी?"
"तुझा पाय मोडल्यावर."
मग मी सांगितलं. सगळं. मामा काय म्हणाले, नऊ इंच, साडेसात इंच, पोहे, वहिनी दारात बोलल्या ते, मामा गेल्यावर मनात काय आलं तेसुद्धा. पाच मिनिटंही लागली नाहीत.
मल्लूनं कट्ट्याला वीत लावली. बरोबर एक वीत. मग कट्ट्यावरच बसला, देवाला टेकून.
"पायाचं काय न्हाय रे. पाय कुणाचा बी मोडतोय." नडगी चोळली. "बारा वर्षं मी सकाळी कुठला सदरा घालू ते बी बायकोला इचारतोय. आणि तू बघत बसलास."
परत येताना तो पुढं. लंगडत पण पुढं, वाटेत एकदाही मागं बघितलं नाही. गाडीपाशी आल्यावर हात पुढं केला. "किल्ली दे." म्हटलं, घाट आहे, दिवस मावळतोय, तू इतकी वर्षं... हात तसाच. दिली.
पहिले दोन गिअर खरखरले. मग लागले. अख्खा घाट, मग कळे गाव, मग रंकाळ्यापर्यंत त्यानंच चालवली. माझ्या दारात थांबला. इंजिन बंद केलं नाही. मी उतरलो. गाडी घेऊन गेला.

१९ नोव्हें. २००८
गाडी आलेली नाही. शिरोलीला फौंड्रीत बसनं गेलो. घरात बायकोनं विचारलं, गाडी कुठाय? म्हटलं, मल्लूला पाहिजे होती. "मल्लूभावजी चालवतात?" व्हय.
फोन लावला. उचलला नाही.

२३ नोव्हें. २००८, रविवार
वहिनींचा फोन. घाबरलेल्या. "भावजी, हे रोज पहाटे तुमची गाडी घेऊन कुठं जातात? काल आले तर पँट कमरेपर्यंत भिजलेली. दुकानातला नवा दोर पण नेलाय." म्हटलं, तुम्ही विचारलं नाही का त्याला? "विचारलं की. 'माझं मी बघतो' म्हणाले. असं कधी बोलत नव्हते हो हे." "हे चांगलं का वाईट, तुम्हीच सांगा."
म्हटलं, बघतो.
परवा पाऊस झालाय तिकडं, गगनबावड्याला. पेपरात आहे.
उद्या सोमवार. पहाटेच्या एस.टी.नं घळीकडं जावं म्हणतो. त्यानं बोलावलेलं नाही.