रिकामा तांब्या आणि विहाराची जागा

मी भुजंग ग्यानोबा सोनकांबळे, वय सदुसष्ट, धंदा गवंडीकाम, राहणार जळकोट, तालुका उदगीर, जिल्हा लातूर, पूर्वीचा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावलेले नाही, पाजलेले तर मुळीच नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व न्हाणी, माझ्या कमाईचे आहे. ते माझी मुलगी पारूबाई, राहणार इस्लापूर, हिला द्यावे. मुलगा देविदास याने हरकत घेऊ नये. कारण पुढे येईल.

२. थापी, ओळंबा व पाणसळ माझे जोडीदार किशनराव यांना. पातळी बघायची पाणसळ त्यांनी दोनदा नेली, दुसऱ्यांदा परतच केली नाही. आता ती त्यांचीच.

३. विहार उभा आहे तो अर्धा गुंठा माझ्या नावावर आहे. आतली बुद्धमूर्ती, दीड हात उंच, प्लास्टरची, मीच घडवली. छप्पन साली धम्म घेतल्यापासून दर पावसाळ्यात, वर्षावासात, मी वस्तीला ग्रंथ वाचून दाखवला. बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, देणारा नाही, हे दर वर्षी वाचले. लोकांनी माना डोलावल्या आणि उठताना मूर्तीपुढे नवस बोलून गेले. मूर्तीचा चेहरा मी फार देखणा केला, ही माझी चूक.

मागच्या श्रावणात पाऊस नव्हता. टँकर चौथ्या दिवशी यायचा. गावाने महादेवाचा गाभारा पाण्याने भरला, तेव्हा आमच्या वस्तीने ठरवले की आपणही बुद्ध पाण्यात ठेवायचा. पुढारी देविदास. नवा जिल्हा झाला तेव्हा लातूरच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलेला, आईच्या आजारपणाची रजा काढून आलेला. घरातल्या दोन्ही घागरी त्याने विहारातल्या टाकीत ओतल्या.

मी कामावरून आलो. माझी पत्नी रुक्मिणबाई जुलाबाने निपचित पडली होती. पाणी मागत होती. मी तांब्या घेऊन विहारात गेलो. देविदास टाकीपुढे उभा राहिला.

"बाबा, ह्यातलं न्हाई. हे बुद्धाचं हाय."

"तुझी माय तहानलीय रे."

"मायसाठीच करायलो न्हवं? तुमी तीस वर्सं वाचलं. एक थेंब तरी पडला का?"

माणसे हसली. मी त्याला ढकलून तांब्या बुडवू शकलो असतो. वीसजण बघत होते. मी बुडवला नाही. रिकामा तांब्या घेऊन घरी आलो. शेजारच्या कोंडाबाईने आपल्यातले अर्धे भांडे दिले.

रुक्मिणबाई तिसऱ्या दिवशी गेली. पाण्यावाचून गेली असे मी लिहीत नाही, डॉक्टरांनी हगवण असे लिहिले आहे.

चौथ्या दिवशी पाऊस आला. न येता तर बरे झाले असते. मूर्ती बाहेर काढली तेव्हा नाक-डोळे विरघळून गेले होते. वस्ती म्हणते, बुद्धाने आपले तोंड देऊन पाऊस दिला. त्या सपाट तोंडाला आता हळद-कुंकू लागते आणि देविदासला पहिला मान असतो. चेहरा पुन्हा करून द्या म्हणून दोनदा निरोप आला. अर्ध्या दिवसाचे काम आहे. मी केले नाही.

सदर जागा वस्तीला देतो, पण अटीवर. दारात भरलेला रांजण ठेवावा आणि आधी तहानलेल्याला पाणी, मग वंदना. मूर्ती पुन्हा पाण्यात गेली, तर जागा पारूबाईची. तिने तिथे शेळ्या बांधाव्यात.

४. तो तांब्या देविदासला द्यावा. घासू नये.

५. माझा फोटो विहारात लावू नये. वस्तीचा भरवसा नाही.

६. शेवटचे पाणी माझ्या तोंडात पारूबाईने घालावे. देविदासने त्या पाण्याला हात लावू नये. ती इस्लापुराहून वेळेत पोचली नाही, तर मला कोरडेच जाऊ द्यावे. रुक्मिणबाईला मी तसेच ठेवले होते.

वाचून, समजून सही केली.
भुजंग ग्यानोबा सोनकांबळे

आमच्यासमोर सही झाली. कलम सहा काढा म्हणून आम्ही सांगून पाहिले, त्यांनी ऐकले नाही.
साक्षीदार: १. बसवंत मलप्पा, किराणा दुकानदार. २. व्यंकटराव किशनराव, शिक्षक.

मुक्काम जळकोट, दिनांक १४ फेब्रुवारी १९८७