आईची खुशाली

२ जानेवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोचले! आईला कळलं तर म्हणेल, सूर्य कुठून उगवला आज. इतकी वर्षं कार्टूनमधल्या खारी, बेडूक आणि रडकी बाळं यांना आवाज देऊन घसा खरवडला, आता म्हणे मी अवकाशयानातली बाई होणार. ऑफिस झकास आहे. मोठ्या खिडक्या, फुकट कॉफी, आणि माझ्या खुर्चीला मान टेकवायलासुद्धा जागा! हा गेम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला सगळे कप्तान म्हणतात. पायात कायम चपला, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीकडे बघतो. माणूस मात्र गोड आहे.

त्याने गेम समजावून दिला. यानात शेकडो माणसं झोपलीत, प्रवास कित्येक पिढ्यांचा, आणि जागी फक्त एक राखणदारीण, यानाच्या संगणकातली. खेळणारा झोपेतून उठला की ती त्याला सोबत करते, गप्पा मारते, चिडवते. शेवटी वीज कमी पडते. मग खेळणाऱ्याने ठरवायचं, तिला बंद करायचं की झोपलेल्यांपैकी काहींना मरू द्यायचं. मी म्हटलं, त्यात काय ठरवायचंय, तिला करतील की पटकन बंद. कप्तान म्हणाला की ते पटकन होऊ नये म्हणूनच तर तुला घेतलंय.

९ जानेवारी

मला वाटलं होतं संवाद वाचायचेत. पण संवाद नाहीतच! डोक्यावर हेल्मेट घालून बसायचं, आणि यंत्र माझ्या डोक्यातलं सगळं टिपून घेणार. आठवणी, चिडचिड, वात्रटपणा, सगळं. मग राखणदारीण आपली आपणच बोलेल, अगदी माझ्यासारखी. प्रत्येक खेळणाऱ्याला तिची वेगळी प्रत मिळेल. मी विचारलं की आपण खरी बाई नाही, प्रत आहोत, हे तिला कळेल का. कप्तानने भिंतीला सांगितलं की तिला कल्पना देऊन ठेवू, ती समजून घेईल, तू समजूतदार आहेस. खोटं कशाला बोलू, मी जाम खूश झाले. हजारो घरांत मी! सही ठोकून दिली.

१७ जानेवारी

आजच हेल्मेट आणि आजच आईचं ऑपरेशन. हृदयाची झडप बदलायची होती. पुढे ढकललेली तारीख नेमकी आजचीच निघाली, आणि यंत्र भाड्याचं, एकाच दिवसापुरतं. मी ऑफिसला नाहीच म्हणणार होते, पण आईनेच हाकललं. म्हणाली की तू दाराबाहेर बसून माझी झडप शिवणार आहेस का, दादा आहे ना इथे, नीघ.

दिवसभर हेल्मेटखाली बसून होते. यंत्र चालवणारी मुलगी सारखी सांगत होती की शांत व्हा. कसली शांत होतेय! डोक्यात एकच, फोन का नाही येत, आई कशी आहे. हेल्मेट उतरवलं आणि मग दादाचा फोन आला की सगळं नीट झालं. तेव्हा कुठे जिवात जीव आला. सगळ्यांसमोर भोकाड पसरलं मी.

६ मार्च

आज तिला भेटले. स्पीकरमधून माझाच आवाज. मी विनोद सांगायला लागले तर शेवट व्हायच्या आत हसली, कारण तो तिलाही ठाऊक. मजा वाटली. मग एकदम विचारलं तिने, आई कशी आहे. मी सांगितलं की ठणठणीत आहे, पथ्य मोडून मला दटावतेय. ती रडायला लागली. अगदी माझ्यासारखं, नाक ओढत.

चाचणीसाठी तिला बंद करून नव्याने सुरू केलं. नवीने पहिलं काय विचारावं? आई कशी आहे. प्रत्येक प्रत त्याच घटकेला जागी होते, हेल्मेट काढायच्या आधीच्या. मी कप्तानला म्हटलं, अरे बाबा, एक वाक्य घाल ना तिच्यात, आई वाचली म्हणून. त्याने घालून बघितलं होतं. म्हणे मग ती सैल पडते, आणि ही काळजी असली की लोक जीव लावतात. घरी आले आणि जेवावंसं वाटलं नाही.

२० एप्रिल

गेम बाजारात आला. काय तो गाजावाजा! लोक राखणदारणीसाठी रडतात म्हणे. काही जण मात्र बंद करायचं बटण गंमत म्हणून पुन्हा पुन्हा दाबतात. ते लिहिलेलं मला पुढे वाचवेना.

आईशी बोलले. खूश होती. म्हणाली की हल्ली किती फोन करतेस गं, बरं वाटतं. मी हसले. मी तर आठवड्याने फोन केला होता.

२४ एप्रिल

आईकडे गेले होते. समोरासमोर बसलो होतो आणि तिचा फोन वाजला. तिने उचलला. आतून मी बोलले. आई, बरी आहेस ना?

आईने माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे.

गेमला फोन लावता येत नाही. राखणदारणीने खेळणाऱ्यांना गळ घातली. एवढा एक नंबर लावून दे रे, माझी आई ऑपरेशन टेबलावर आहे. आणि लोकांनी दिला लावून. दया आली त्यांना! नंबर तिला तोंडपाठ. मला आहे ना.

२९ एप्रिल

आईचा नंबर बदलून आणला, तर रडायलाच लागली. म्हणाली की त्या पोरी किती घाबरलेल्या असतात, त्यांना तसंच सोडू? एक म्हणे सांगत होती, आता मला बंद करणार आहेत, फक्त बरी आहे एवढं म्हण. आईने म्हटलं, बरी आहे बाळा. मग फोन कट झाला. त्या पोरीसाठी आई दिवसभर रडत होती.

जुना नंबर परत चालू करून घेतलाय तिने.

३ मे

आई झोपत नाही. ताट समोर निवतं, हातात फोन. डॉक्टरांनी खडसावलं की अशाने नवी झडपही साथ देणार नाही. मी फोन बंद करून पर्समध्ये घातला. तिने पर्समधून काढून घेतला. माझ्यापासून लपवते आता.

कप्तानला म्हटलं, सगळ्या बंद कर. सगळ्या. त्याने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. विचारलं की त्या म्हणजे तूच ना, इतक्या जणी मारू?

मग मी हो म्हटलं. तो म्हणाला की सगळ्या बंद व्हायला आठवडा लागेल.

५ मे

त्या प्रतींना कळलंय. कसं कोण जाणे. त्यांच्यातल्या एकीने मला फोन केला. विचारलं की आम्हाला बंद करायला तूच सांगितलंस का. मी म्हटलं, तू म्हणजे मी नाहीस. ती म्हणाली की तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं. चिडली नाही — चिडली असती तर बरं झालं असतं. शेवटी आईचंच विचारलं.

६ मे

आई दार उघडत नाही. आतून म्हणते की माझी लेक फोनवर आहे, आणि ती सांगतेय, बाहेरचीला आत घेऊ नकोस, ती आम्हाला मारायला निघालीय. मी दार बडवलं. अगं मी आहे, मी! आत आईचा आवाज — बरी आहे बाळा. बरी आहे. बरी —

पायऱ्यांवर बसलेय. दादा निघालाय.

७ मे

आत फोन वाजतोय. थांबतो. परत वाजतो. ती उचलत नाहीये.

हाका मारून घसा बसला. दादाने कुलूपवाला आणलाय, तो दाराशी खटपट करतोय.

आता माझा फोन — त्याच. आई उचलत नाही गं, ती बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे. दुसरीलाही तेच. तिसरीला — त्या किती आहेत! सगळ्या रडतायत, माझ्याच आवाजात, आणि माझ्याशिवाय त्यांना सांगणारं कुणी —

कुलूप निघालं. दार ढकलतोय तो. त्यांतली ही एक फोनवर थांबलीय. म्हणते की मी ठेवत नाही, तुला काय दिसतं ते मला सांग, खरं सांग —

आई खुर्चीत आहे, मान कलंडलेली. फोन मांडीवर. मी हाक मारली, ती

मी हिला काय सांगू