गटाबाहेरचे सामने

प्रिय लोवेल,

मी दाराबाहेर बसलेय. आत तुझ्या फुटबॉल संघाला अंतिम स्पर्धेत घ्यायचं का, याची चर्चा चाललीय. निवड समितीतल्या माणसाच्या नातेवाइकाच्या संघाचा विषय निघाला की त्याने उठून बाहेर जायचं, असा आमचा नियम. फोन तर सकाळीच काढून घेतले. तिसरी कॉफी ढवळत बसलेय, साखर न घालताच. दोनदा दाराशी गेले आणि दोनदा मागे फिरले.

बाहेर येता येता समितीतल्या म्हाताऱ्या हॉलिसचं बोलणं कानावर पडलंच. "बाराच्या बारा जिंकले, कबूल! पण मोसमाच्या सुरुवातीला, सप्टेंबरात, कुणाला झोडपलं? सगळे लिंबूटिंबू! गटातले सामने वाट्याला येतात हो, गटाबाहेरचे आपण निवडतो. कोचची छाती तिथेच कळते." असा संताप आला मला! पण तोंड उघडलं असतं, तर तुझंच वाटोळं झालं असतं.

तीन वर्षांपूर्वी तू माझ्याच स्वयंपाकघरातून टॅरो स्टेट विद्यापीठाला यंदाच्या सप्टेंबरातल्या सामन्यासाठी फोन लावलास, ते आठवतं? मी मक्याचा पाव ओव्हनमधून काढत होते. स्पीकरवर त्यांचा माणूस हसत म्हणाला, "तुमच्याशी हरलो तर आमची अब्रू जाणार, आणि जिंकलो तर कोण विचारतंय? नको रे बाबा!" बाकीच्या बड्यांनीही तेच केलं. मग जे हो म्हणाले, त्यांना तू घेतलंस. "मैदान रिकामं ठेवू का, वेर्ना?" म्हणालास आणि गरम पाव तोंडात घालून जीभ भाजून घेतलीस.

मघाशी आत बोलावलं, म्हणून पत्र अर्धवट राहिलं. आता दुपार झालीय. शेवटची जागा टॅरो स्टेटला गेली, हे तू पोरांबरोबर टीव्हीवर पाहिलंच असशील. पुढचं मात्र तुला कुणीच सांगणार नाही, कारण त्या खोलीतलं बोलणं बाहेर काढायचं नसतं. तुझा विषय निघण्याआधी टॅरोचा निघाला होता. दोन सामने हरलेत, पण सप्टेंबरात दांडग्या संघांशी त्यांच्याच मैदानावर जाऊन भिडले. हॉलिसने विचारलं, "वेर्ना, तुझा जन्म गेला या खेळात. तू सांग." मी म्हणाले, "फार चांगला संघ आहे." खरं तेच होतं, लोवेल. माझ्या बोलण्यामागोमाग टॅरोसाठी हात वर गेले. नुसतं "बरा आहे" म्हणाले असते, तर कदाचित आज तुझी पोरं नाचत असती. हे माझ्याच तोंडून तुला कळावं, म्हणून लिहिलं. नाताळला मक्याचा पाव घेऊन येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच थोरली,
वेर्ना