नाकाला नाक

बाबा, मनोमन तुमचा हात कपाळाला लावून लिहिते.

सावू बेटावरच्या शाळेत शिकवायला लागले, मजेत आहे. ताडाचा गूळ खाऊन थोडी जाडही झाले आहे. आईचा गुडघा कसा आहे?

सोमवारी वर्गातला पाण्याचा माठ फुटला. मी नऊ वर्षांच्या लोमीवर सगळ्यांसमोर ओरडले. मग कळलं, माठ मांजराने पाडला होता. मी लगेच "चुकलं माझं" म्हटलं. तरी तीन दिवस एकही मूल माझ्याशी बोललं नाही. दंगा नाही, उत्तरही नाही. तुम्ही वर्ग गप्प करायचात ती छडी अशा वेळी कोणावर उगारायची?

शेवटी शाळेतल्या हानामावशींना विचारलं.

"अहो बाई, माफी नुसती तोंडाने मागतात होय? नाकाला नाक लावलंत का?"

मला वाटायचं, ते फक्त भेटल्यावर करतात.

आज लोमीसमोर वाकले. ती नुसती बघत राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, "आटप गं, बाईंची पाठ मोडेल!" मग तिचं थंडगार नाक माझ्या नाकाला टेकलं. वर्गात असा गलका उसळला की मुख्याध्यापक धावत आले.

बाबा, मी मुलांना गप्प केलं नाही.

आईला जपा.

तुमची,
वेनिंग