पाण्याचं विरजण

बाबा, आपल्या बागेतल्या टाक्यातून मी सात दगड नागपूरला आणले. न विचारता आणले, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. बाग आता चुलतभाऊ पाहतो. तो टाक्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, "शहरातून येऊन शेवाळ नेऊन राहिला का गा? संत्रा ने ना थोडा, लोकं हासतील." संत्राही आणला. पण संत्र्याची थैली मोटरसायकलच्या हँडलला लटकत होती आणि दगडांचा डबा, टाक्याच्याच पाण्यानं भरून, झाकण लावून, मागच्या सीटवर दोन दोऱ्यांनी बांधला होता. त्यावरून काय जपून आणायचं होतं ते तुम्हाला कळेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात कूलरच्या जाळ्या ठोकत होतो. आता माझा स्वतःचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मोठं शेड, पत्रा वाकवायचं मशीन आणि पाच माणसं. पण माझा कूलर टाकीतून गळत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याच्यासमोर बसलेला माणूस उठायला मागत नाही. दहावी नापास माणसाला गल्लीतले लोक 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. थट्टेनं म्हणायला लागले होते, आता सवयीनं म्हणतात. कोणी विचारलं की कुठं शिकले, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: "कोणीच शिकवलं नाही, आपल्याच हातानं शिकलो." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते माझ्या तोंडून आपोआप निघतं, पंख्याचं बटण दाबल्यासारखं.

तर हौद. घराच्या मागच्या आंगणात, तुमच्या सुनेच्या हट्टापायी, मी माशांचा हौद बांधला. तुम्ही तिला पाहिलं नाही. भिवापूरची आहे, आणि तिथली मिरची तिनं माहेरी सोडली नाही, जिभेवर घेऊन आली. हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद, मधोमध साडेतीन फूट खोल. कडा उतरत्या आहेत म्हणून पाणी अंदाजे चोपन्नशे लिटर. अंदाजे म्हणतो, पण मोजून भरलं आहे. त्यात सहा मासे सोडले, शेंदरी आणि पांढरे, आणि एक छोटा फिल्टर लावला. दीड महिन्यात सहाही मासे गेले. एका सकाळी दोन, दुसऱ्या सकाळी चार. मी घरात सांगितलं, रात्री लाईट गेली होती, पंप बंद पडला, काय करणार. तिनं काठावर बसून मेलेले मासे एकेक करून बाहेर काढले. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता एक डाव अजून. यावेळी मेले तर हा खड्डा बुजवून मी वांगी लावीन. वांगी तरी मरत नाहीत तुमच्या हातानं." हसतच म्हणाली, पण डोळे लाल होते, आणि मी समजलो की ती वांगी खरंच लावेल.

मग मी फिल्टर निवडायला निघालो. तुम्हाला माझी पद्धत माहीत नाही. मी वही केली, रकाने आखले. एकात फिल्टरचा प्रकार, दुसऱ्यात तासाला किती लिटर, तिसऱ्यात उघडून साफ करायला किती मिनिटं, चौथ्यात 'दुकानदार काय म्हणतो' आणि पाचव्यात 'खरं काय'. पाचवा रकाना सगळ्यात रुंद ठेवला. जुन्या पंपाच्या डब्यावर तासाला तीन हजार लिटर लिहिलेलं होतं. मी पंप हौदात ठेवला, पाइप चार फूट वर नेला, खाली पंधरा लिटरची बादली आणि हातात घड्याळ. बादली भरायला एकोणतीस सेकंद लागले. म्हणजे साडेअठराशे. डब्यावर जे लिहितात ते पाइप आडवा ठेवून, पाणी कुठंच चढवायचं नाही अशा हिशोबानं. पाचव्या रकान्यात मी मोठ्या अक्षरात लिहिलं: चढ.

दुकानदारानं मला एक गोल, हिरवा, झाकणबंद डबा दाखवला. आतमध्ये स्पंज, प्लास्टिकची चाकं आणि निळा दिवा. "भाऊ, हे घेऊन जा, टेन्शनच नाही. दोन-दोन महिने खोलायचं काम नाही." मी म्हटलं, खोलायचं नाही तर धुवायचं कसं? तो म्हणाला, "धुवायचं काहून?" घाण साचते म्हणून, मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कूलरवाले आहे का?" मला राग आला, बाबा. माझ्या शर्टावर कुठं लिहिलं होतं? "लिहाले काय लागते," तो म्हणाला, "कूलरवाले आणि हॉटेलवाले, दोघंच असं विचारतात. घासल्याशिवाय चैनच पडत नाही तुम्हाला. घरी जुना फिल्टर नळाखाली धुतला असेल, हो की नाही? पांढरा होईपर्यंत?"

मी वही मिटली. कारण दर रविवारी मी नेमकं तेच करत होतो. स्पंज पिळून, आतल्या चाकांना घासून, नळाच्या धारेखाली सगळं चकाचक करून उन्हात वाळवायचो. कूलरच्या जाळ्यांना आपण तसंच करतो, नाहीतर हवेला वास येतो. पाण्याशी माझा तीस वर्षांचा संबंध तोच: साचलं की घाण, घाण दिसली की घास. लाईट गेलीच नव्हती. शेवटच्या रविवारी मी फिल्टर इतका सुंदर धुतला होता की त्याच्याकडे पाहत बसावंसं वाटलं, आणि त्याच आठवड्यात मासे उलटे झाले. त्या दुकानात, निळ्या दिव्याच्या उजेडात, मला एकदम तुमचा ओला हात दिसला.

मी अकरा वर्षांचा आहे. उन्हाळा आहे. आत्याकडचे पाहुणे बागेत जेवायला येणार आहेत आणि मी ठरवलं आहे की आपलं टाकं त्यांना आरशासारखं दिसलं पाहिजे. मासे मी मोठ्या पितळी गंजात काढून ठेवले आहेत. टाक्याचं पाणी सोडून दिलं आहे, नारळाच्या काथ्यानं भिंती घासल्या आहेत, आणि काथ्यानं भागत नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, दोन ओंजळी आणली आहे. तळ पांढराशुभ्र निघाला. मोटर लावून ताजं पाणी भरलं, मासे सोडले, आणि पाहुण्यांनी खरंच म्हटलं, काय नितळ पाणी आहे! त्या एका वाक्यावर मी दुपारभर उडत होतो. पाहुणे गेले, ऊन उतरलं, आणि मासे एकेक करून वर आले, पोटं वर करून. तुम्ही आलात. विचारलं, "काहून मेले?" मी म्हटलं, ऊन लागलं. तुम्ही वाकून ओंजळभर पाणी घेतलंत, नाकाजवळ नेलंत आणि अगदी शांतपणे विचारलंत, "उन्हाले टीसीएलचा वास येते का गा?"

तुम्ही मारलं नाही. मारलं असतं तर मी ते विसरलो असतो. तुम्ही काठावर बसलात, मलाही बसवलंत. "पाण्याले धुवाचं नसते गा. तू ज्याले घाण समजून राहिला ना, तेच पाणी सांभाळते." दुसऱ्या दिवशी आपण टाकं पुन्हा रिकामं केलं, दोनदा विसळलं, भरलं, आणि शेजारच्या बागेतल्या जुन्या टाक्यातून बुळबुळीत, तपकिरी दगड ओल्या पोत्यात गुंडाळून आणले. ते तुम्ही एकेक करून पाण्यात ठेवले, देवघरात ठेवावे तसे. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "दुधाले इरजन लागते, तसं पाण्यालेही लागते." मग मी रोज विचारायचो, आता मासे आणायचे? तुम्ही टाक्यात हात घालून भिंतीवरून बोट फिरवायचात आणि म्हणायचात, "अजून लागलं नाही." दह्यासारखं. महिनाभर हेच चाललं. एका सकाळी बोट फिरवलंत, बोट बोटावर घासून पाहिलंत, आणि मिशीतल्या मिशीत हसलात. "लागलं." त्या दिवशी आपण दोघं नाल्यावर गेलो, जुन्या धोतराचं जाळं करून मासे धरले, आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात घसरून बसकन पडलात. मी इतका हसलो की माझ्या हातातले दोन मासे सुटले. तुम्हीही हसत होतात. ओल्या धोतरानं, पाण्यात बसूनच.

दुकानातून मी तो हिरवा डबा घेतला नाही. निळा दिवा तेवढा घेतला, कारण पाणी हिरवं होणं ही वेगळी भानगड आहे आणि त्यावर तो चालतो, हे मी वाचून खात्री केलेली. फिल्टर स्वतः बनवला. दोन निळे पिंप. पहिल्यात पाणी तळाशी गोल फिरत शिरतं, जड गाळ खाली बसतो, आणि खालची तोटी उघडली की गाळ जास्वंदीच्या मुळाशी. दुसऱ्यात नायलॉनची जाळी आणि तुमच्या टाक्यातल्या दगडांसाठी सोडलेली जागा, आणि त्या दगडांना मी नळाचं पाणी दाखवत नाही. पंप मोठा घेतला, चार फूट चढवून मोजला: पंधरा लिटरला वीस सेकंद. म्हणजे तासाला सत्तावीसशे, म्हणजे दोन तासांत सगळा हौद एकदा गाळून निघतो. कारखान्यातला इन्व्हर्टर घरी आणून पंप त्यावर घातला, आणि आता लाईटची सबबही मला उरली नाही.

मग गावाला आलो. तुमचं टाकं तसंच आहे. एक कोपरा फुटला होता, भावानं सिमेंट लावलं आहे. आत मासे आहेत, बाबा. कोणी सोडले, त्याला माहीत नाही; "राहतातच इथं," म्हणाला. मी बाही वर करून आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं. चुलतभाऊ वरून विचारत होता, "काय शोधून राहिला?" मी वाकून पहिला दगड उचलला.

घरी दगडांचा डबा उघडला तेव्हा तुमची सून नाकाला पदर लावून उभी होती. "संत्र्याच्या गावाला जाऊन माणूस हे आणते?" मी तिला विरजणाचं सगळं समजावलं, या बुळबुळीत जीव असतात, माशांच्या अंगातून जे विष पाण्यात उतरतं ते हे जीव खातात, नळाच्या औषधानं ते मरतात, म्हणून फिल्टर धुवायचाच झाला तर हौदाच्याच पाण्यात हलका खंगाळायचा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मागच्या डावाला तुम्ही नळाखाली धुतला होता." मी म्हटलं, लाईट गेली होती ना. "कशाची लाईट," ती म्हणाली, "त्या रात्री कूलर चालू होता आपला. गार लागलं म्हणून मीच बंद केला पहाटे." आणि पदराआड हसायला लागली. टीसीएलच्या वासासारखंच झालं, बाबा. मला आयुष्यात दोनच माणसांनी असं पकडलं आहे.

दगड आठ दिवस वेगळ्या टबात ठेवले, सोबत एकच मासा, रोग वगैरे पाहायला. तो मासा मजेत राहिला. मग दगड पिंपात ठेवले, मासा हौदात सोडला आणि थांबलो. रोज ती विचारायची, "आणायचे का आता?" मी पिंपात हात घालून जाळीवरून बोट फिरवायचो. "अजून लागलं नाही." सदतिसाव्या दिवशी बोट घसरलं, अगदी तसं घसरलं, आणि मी म्हटलं, "लागलं!" ती आतून ओला हात पुसत धावत आली, चप्पलही न घालता.

आता हौदात आठ मासे आहेत. पूर्ण मे महिना त्यांनी काढला, त्रेचाळीसच्या वरच्या उन्हात, हिरव्या जाळीच्या सावलीत. पाणी आरशासारखं नाही. थोडं चहाच्या पहिल्या उकळीसारखं आहे, आणि तळातला दगड न् दगड दिसतो. तुमच्या सुनेच्या बांगड्या वाजल्या की आठही तोंडं एका काठाला येतात. ती त्यांना रागावते, थोडं थोडं खा म्हणते, मुलांना रागवायची तसंच. वांग्याचं बी तिनं आणून ठेवलं होतं. ते गच्चीवर कुंडीत लावलं.

परवा शेजारचे रिटायर साहेब आले. ते नोकरीभर पाणीपुरवठ्यात होते. त्यांनी पिंपं पाहिली, तोटी उघडून पाहिली, पाण्यात बोट बुडवलं, आणि म्हणाले, "मानलं तुम्हाला. हे शिकले कोणाकडून?" तोंडून आपोआप निघालं, "कोणाकडून नाही. आपल्याच हातानं." ते गेले. ती चहाचे कप उचलत होती. मला म्हणाली, "आणि ते विरजण? ते कुठं शिकले?" मला तुमचं नाव घेता आलं असतं, ओल्या धोतराचीही गोष्ट सांगता आली असती, तिला आवडली असती. मी म्हटलं, "पुस्तकात आहे ते."

रकान्यांच्याच वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितो आहे. पुढची पानं ती कधी कधी उघडून पाहते, मागची पाहत नाही. माशांची, हौदाची सगळी पुस्तकं मी पुन्हा चाळली आज, एकेक पान. पुस्तकात विरजण हा शब्द नाही, बाबा.